पेनड्राइव्हवर चित्रपट: कोणती फाइल कायदेशीर, कोणती टीव्हीवर चालणारी आणि ती नीट कशी टाकायची?

गेल्या दिवाळीत गावी, पोखर्णीला गेलो होतो. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं, नृसिंहाच्या मंदिरामुळे ओळखलं जाणारं आमचं गाव. घरात पाय ठेवल्यावर तासाभरातच आजी म्हणाली, "काकाच्या लग्नाची ती सीडी लावून दे बरं टीव्हीवर. त्याच्यात तुझे आजोबा हायेत."

आजोबा आता नाहीत. चालत्या-बोलत्या रूपात ते फक्त त्या एका डीव्हीडीत आहेत. डीव्हीडी प्लेअर कधीच बंद पडलेला. मी लॅपटॉपवर डिस्क उघडली, त्यातल्या फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी केल्या आणि टीव्हीला लावल्या. लग्नाचे पाच तुकडे दिसले, त्यातले दोन उघडलेच नाहीत. त्याच संध्याकाळी चुलत भाऊ त्याची अडचण घेऊन आला. त्याने ॲपमध्ये डाउनलोड केलेला चित्रपट पेनड्राइव्हवर टाकला होता, पण टीव्हीला तो दिसतच नव्हता.

दोन्ही अडचणी वरवर सारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगळी आहेत. पहिली सुटते, दुसरी सुटत नाही आणि सुटू नये अशीच तिची रचना आहे. म्हणून आधी फाइल कोणाची ते बघू, मग ती टीव्हीवर कशी चालवायची ते.

ॲपमधलं डाउनलोड पेनड्राइव्हवर का जात नाही?

ओटीटी ॲपमध्ये डाउनलोडचं बटण दाबलं की आपल्याला चित्रपट मिळाला असं वाटतं. प्रत्यक्षात फोनमध्ये साठते ती कुलूपबंद फाइल. या कुलपाला डीआरएम म्हणतात. अँड्रॉइडवर यासाठी बहुतेक ॲप्स गूगलचं वाइडवाइन वापरतात. कुलपाची किल्ली तुमच्या फोनशी आणि खात्याशी बांधलेली असते. त्यामुळे फाइल दुसरीकडे कॉपी केली तरी टीव्हीच्या दृष्टीने तो निव्वळ कचरा. शिवाय मुदत संपली किंवा वर्गणी बंद झाली की फोनमध्येही ती चालत नाही. म्हणजे ते घर भाड्याचं आहे, मालकीचं नाही.

हे कुलूप तोडणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५ अ प्रमाणे, हक्कभंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

मग कोणत्या फाइल्स बिनधास्त टाकता येतात?

१. घरचं शूटिंग. तुम्ही स्वतः काढलेले व्हिडिओ तुमचेच. लग्नाच्या व्हिडिओबद्दल मात्र अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी फोटो किंवा चित्रफीत बनवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास तिचा पहिला मालक बनवून घेणाराच असतो. म्हणजे काकाच्या लग्नाच्या व्हिडिओचे हक्क स्टुडिओकडे नाहीत, आमच्या घराकडे आहेत. त्याला मागे जोडलेली सिनेमाची गाणी मात्र आपली होत नाहीत. घरी बघायला अडचण नाही, पण यूट्यूबवर टाकलं तर गाण्यांमुळे दावा येऊ शकतो.

२. मुदत संपलेले चित्रपट. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. तो मूकपट आहे आणि फाळके १९४४ साली गेले, त्यामुळे तिथे काही प्रश्न उरत नाही. त्याचा आज जेवढा भाग शिल्लक आहे तेवढा निर्धास्त ठेवा.

बोलपटात मात्र एक खाच आहे. चित्रपटाची मुदत वेगळी आणि त्यातल्या पटकथेची, गीतांची व संगीताची मुदत वेगळी. ती लेखक किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालते. उदाहरणार्थ 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे चित्रपट म्हणून मुदत २०१३ अखेर संपली. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे मूळ पुस्तकही मोकळं झालं. पण चित्रपट लिहिणारे आचार्य अत्रे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या लेखनाची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. तेव्हा 'जुना आहे म्हणजे फुकट' हे गणित नेहमी बरोबर येत नाही.

३. खुल्या परवान्याचे चित्रपट. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली निर्माते स्वतःच कॉपी करायची परवानगी देतात. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरच्या संस्थेने बनवलेले 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०) आणि 'टिअर्स ऑफ स्टील' (२०१२) हे लघुपट असेच आहेत. श्रेय देऊन ते वाटताही येतात. लहान मुलांसाठी 'बिग बक बनी' छान, आणि टीव्ही तपासायलाही उपयोगी.

४. निर्मात्याने थेट फाइल म्हणून विकलेले किंवा दिलेले चित्रपट. काही लघुपट आणि माहितीपट बनवणारे पैसे घेऊन कुलूप नसलेली एमपी४ फाइल देतात. सोबतच्या अटी वाचा आणि पावतीचा मेल जपून ठेवा.

आणि जे टाकायचं नाही ते: टेलिग्रामवरचा नवा चित्रपट, 'फुल मूव्ही' म्हणून मिळणारी लिंक, आणि मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत 'पिक्चर भरून' मिळणारं मेमरी कार्ड. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा फाइल्ससोबत व्हायरस घरी येतो तो वेगळाच.

पेनड्राइव्ह आधी तपासा

६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ जीबीच्या आसपास दिसतो. ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशेबात मोजते, विंडोज १०२४ च्या.

पण तीनशे रुपयांत '२ टीबी' मिळत असेल तर ती नक्कीच फसवणूक. असा ड्राइव्ह खोटा आकडा सांगतो, आणि खरी जागा संपल्यावर जुन्या डेटावरच नवा लिहितो किंवा नवा टाकूनच देतो. कॉपी झाली असं दिसतं, पण फाइल उघडत नाही. नवा ड्राइव्ह घेतला की विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' किंवा लिनक्सवर 'एफथ्री' हे मोफत टूल चालवा. ते पूर्ण ड्राइव्ह भरून, पुन्हा वाचून खरी जागा सांगतं.

मग फॉरमॅट. यात तीन पर्याय येतात:

फॅट३२: जवळपास प्रत्येक टीव्ही, फोन आणि कारच्या स्टिरिओवर चालतो. पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. ड्राइव्ह रिकामा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा मेसेज येतो तो यामुळे.

एक्सफॅट: ही मर्यादा नाही. बहुतेक नवे टीव्ही, नवे अँड्रॉइड फोन, आयफोन, विंडोज आणि मॅक याला ओळखतात. पहिली पसंती याला द्या.

एनटीएफएस: विंडोजचा. बरेच टीव्ही वाचतात, पण अनेक फोन वाचत नाहीत.

टीव्ही जुना असेल तर फॅट३२ ठेवा आणि फाइल ४ जीबीच्या आत बसवा. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे आधी आतलं काढून घ्या.

डबा आणि आतली भाजी

'एमपी४ आहे तरी चालत नाही' ही कायमची तक्रार. एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा आहे. आत भाजी कोणती ते कोडेक ठरवतो. चित्रासाठी एच.२६४, एच.२६५ किंवा एव्ही१ असे कोडेक असतात आणि आवाजासाठी एएसी, एसी३, डीटीएस असे. डबा ओळखीचा असला तरी आतली भाजी टीव्हीला पचली पाहिजे.

एच.२६४ हे २००३ सालचं मानक आहे, त्यामुळे यूएसबी असलेल्या बहुतेक टीव्हींना ते चालतं. एच.२६५ तेवढ्याच दर्जाचं चित्र कमी जागेत बसवतो, पण जुन्या टीव्हीला तो कळत नाही. चित्र दिसतं पण आवाज नाही, असं झालं तर बहुधा डीटीएससारखा आवाजाचा कोडेक टीव्हीला चालत नसतो. डोळे झाकून निवडायचं तर एमपी४ डबा, एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज.

लग्नाची डीव्हीडी एका फाइलमध्ये कशी आणायची?

स्टुडिओने घरच्या घरी बर्न केलेल्या डिस्कवर सहसा कुलूप नसतं, त्यामुळे तिथे ६५ अ चा प्रश्न येत नाही. आतलं चित्र एमपीईजी-२ कोडेकमध्ये, साधारण एक-एक जीबीच्या व्हीओबी तुकड्यांत असतं. म्हणून टीव्हीवर आम्हाला पाच तुकडे दिसले.

१. डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर शोधा. नसेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा ड्राइव्ह मिळतो.
२. डिस्क मऊ, स्वच्छ कापडाने मधून कडेकडे पुसा. गोल-गोल पुसू नका.
३. 'व्हिडिओ_टीएस' नावाचं पूर्ण फोल्डर आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. डिस्क अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न वाचलेलं दुसऱ्याला कधी कधी वाचता येतं.
४. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यात ते फोल्डर द्या. सगळ्यात जास्त लांबीचं टायटल निवडा.
५. प्रीसेट 'फास्ट ५७६पी२५' घ्या. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ चं असतं, त्यामुळे १०८०पी निवडून चित्र सुधारत नाही, फाइल तेवढी फुगते.
६. डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी आहे ना ते बघा. माणसं हलताना कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसत असतील तर फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा.
७. तयार झालेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून बघा, मगच पेनड्राइव्हवर टाका.

फोनवरून टाकायचं असेल तर

ओटीजी अडॅप्टर किंवा दोन्ही बाजूंना तोंड असलेला टाइप-सी पेनड्राइव्ह घ्या. लावल्यावर 'फाइल्स' ॲपमध्ये यूएसबी स्टोरेज दिसेल. दिसलं नाही तर काही फोनमध्ये सेटिंगमधून ओटीजी चालू करावं लागतं. फाइल निवडा, 'मूव्ह' नको, 'कॉपी' करा. मध्येच काही बिघडलं तर मूळ फाइल फोनमध्ये तरी राहते.

वेगाचा अंदाज ठेवा. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हला ४ जीबी टाकायला आठ-नऊ मिनिटं लागतात. शंभर टक्के दिसल्यावरही लगेच ओढू नका, 'इजेक्ट' करा. शेवटचा भाग कधी कधी अजून मेमरीतच असतो आणि घाईत ड्राइव्ह काढला की फाइल अर्धवट राहते.

टीव्हीवर अडलं तर

फाइल दिसतच नाही: फॉरमॅट बदलून बघा. नाव रोमन अक्षरांत आणि छोटं ठेवा, काही टीव्हींना देवनागरी नावं वाचता येत नाहीत.

सबटायटल येत नाही: एसआरटी फाइलचं नाव चित्रपटाच्या नावासारखंच ठेवा. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर नोटपॅडमध्ये ती फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. तरीही चौकोनच आले तर त्या टीव्हीत देवनागरी फॉन्ट नाही असं समजा.

अडखळत चालतं: ड्राइव्ह संथ आहे किंवा फाइल जड आहे. हँडब्रेकमधून हलकी करून घ्या.

दोन शेवटच्या गोष्टी

घरी बसून बघणं वेगळं आणि नृसिंह जयंतीला मंडपात पडदा लावून गावाला दाखवणं वेगळं. विकत घेतलेल्या फाइलचंही सार्वजनिक प्रदर्शन करायला हक्कधारकाची परवानगी लागते.

दुसरं, पेनड्राइव्ह ही तिजोरी नाही. तो हरवतो, आणि वर्षानुवर्षं न वापरता पडला तर त्यातला डेटा पुसट होऊ शकतो. महत्त्वाच्या व्हिडिओच्या तीन प्रती ठेवा: एक पेनड्राइव्हवर, एक हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर.

आमच्या डिस्कची शेवटची काही मिनिटं कोणत्याच ड्राइव्हला वाचता आली नाहीत. नवरीची पाठवणी गेली ती गेलीच. बर्न केलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर उष्णतेने आणि काळाने खराब होतो, आणि आमची डिस्क कित्येक वर्षं पत्र्याच्या कपाटात होती. आजोबा मात्र वाचले. मंगलाष्टकं चालू आहेत आणि ते अक्षता वाटत फिरताहेत, असा सव्वा मिनिटाचा तुकडा आहे. आजीने तो त्या रात्री चार वेळा लावायला सांगितला.

तुमच्या कपाटात अशी डिस्क असेल तर येत्या सुट्टीतच काढा.