वाईन शेतीमाल, मग ताडी आणि मोह काय?

वाईन दारू आहे की शेतीमाल, यावर जानेवारी २०२२ मध्ये आपण सगळे भरपूर भांडलो. मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मंत्रिमंडळाने २७ तारखेला मंजुरी दिली. सत्ताधारी म्हणाले, यात शेतकऱ्याचं हित आहे. विरोधक तुटून पडले, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय बासनात गेला. पण या वादामागचा इतिहास कुणी काढला नाही, आणि तो आपल्या उपनगरांचाही आहे. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे.

मध्यंतरी गोरेगावला हॉटेल व्यवसायाचं प्रदर्शन होतं. तिथे मी आठ वाईन ओळीने चाखल्या. चाखल्या म्हणजे घोटभर तोंडात घोळवून पिकदाणीत टाकल्या. व्यापारी लोक तसंच करतात. आधी पांढऱ्या, मग लाल. आधी हलक्या, मग जड. नाशिककडच्या दोन सोव्हिन्यों ब्लां शेजारी शेजारी ठेवल्या, तर एकीला ढोबळी मिरचीचा वास आणि दुसरी सरळ पेरूकडे झुकलेली. द्राक्षाची जात एकच! काउंटरवरचा निफाडचा मुलगा म्हणाला, "काका, हा तोडणीचा फरक. आठ-दहा दिवस उशीर झाला की आंबटपणा उतरतो."

फ्रान्समध्ये द्राक्षं साधारण सप्टेंबरात तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. आपल्या हवेत वेल थंडीत पुरता झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या: उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. नाशिक-सांगलीचे बागायतदार खायच्या द्राक्षांसाठी हे आधीपासून करत होते. बाटलीवरचं नाव फ्रेंच असलं, तरी वेलीमागची अक्कल मराठी शेतकऱ्याची आहे.

पण नुसत्या अकलेवर धंदा उभा राहत नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन काढली. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाईन २००० साली आली. आणि २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. अबकारी करात सूट दिली, परवाने सोपे केले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. नाशिक जिल्हा वाईनसाठी ओळखला जाऊ लागला तो त्यानंतर. धोरण चांगलंच होतं, माझी त्याबद्दल तक्रार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसलेत, तिथे सरकारने याच्या बरोबर उलट केलं होतं.

साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. माडाची माडी, ताडाची ताडी, शिंदीचा रस काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावरचा कर आणि परवाने यांचा फास आवळला. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास कायदा करून मोहफुलांच्या साठ्यावर आणि विक्रीवर बंधनं घातली. आदिवासी ही फुलं वाळवून खातातही, याचं सरकारला काय? महसूल मक्तेदाराच्या दारूतून येत होता, घरच्या मोहातून नाही.

पुढे इंग्रज गेले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ताडीही बंद झाली. साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा गेला नाही. वाईन प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. त्या प्रदर्शनात मीही एक दिवसाचा फाडला. आणि मोहफुलं गोळा करण्यावरची, साठवण्यावरची बंधनं राज्याने उठवली ती थेट २०२१ मध्ये! द्राक्षाला २००१ साली जे मिळालं, त्याची नुसती सुरुवात मोहाच्या वाट्याला वीस वर्षांनी आली.

याची किंमत कोण मोजतं? जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी गावठी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मेले ते बहुतेक हातावर पोट असलेले. स्वस्त, सौम्य आणि तपासलेलं पेय कायद्याच्या चौकटीत मिळत नसेल, तर माणूस पिशवीतलं पितो, असं माझं मत आहे. दारूबंदीवाल्या मित्रांना ते पटणार नाही. त्यांचा मुद्दा मला कळतो, घरं उद्ध्वस्त होताना मीही पाहिली आहेत. पण मग वाईनलाही तोच नियम लावा.

शेजारी बघा. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. मध्य प्रदेशाने आदिवासींच्या मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून बाजार दिला. आपण नाशिकच्या वाईनला मानांकन मिळवलं, ठीकच केलं. तशीच करसवलत, तशाच प्रयोगशाळा, तसाच एक छोटा पार्क पालघर-डहाणूच्या ताडी आणि मोहासाठी का नको? मालकी तिथल्या भंडारी आणि आदिवासी सहकारी संस्थांची असावी, एवढी अट मात्र आधीच लिहून घ्या.

वाईनचा निर्णय पुन्हा कधीतरी पटलावर येईल. तेव्हा आपल्या आमदाराला एवढंच विचारा: शेतीमाल म्हणजे फक्त द्राक्ष का?