तळटीप : मुंबईच्या रणजी वर्चस्वाविषयी

लेखकाने येथे मुंबईच्या वर्चस्वाचे श्रेय ‘खडूस’ वृत्तीला दिले आहे. ते अपुरे आहे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक मुंबईकडे होता. एवढी मालिका निव्वळ जिद्दीवर चालत नाही. तिच्यामागे दादर-माटुंग्याची मैदाने, कांगा लीग, खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या बँका-कंपन्या आणि हे सारे जोडणारी लोकल होती. शहापूर-मुरबाडकडून पाहिले की हे लख्ख दिसते. शहापूरकराला निदान आसनगावची गाडी आहे. मुरबाडला रेल्वेच नाही, पहाटेच्या सरावासाठी आधी एसटीने कल्याण गाठायचे. यावर कोणी म्हणेल, अविभाजित ठाणे जिल्ह्यातल्या पालघरचा शार्दूल ठाकूर भारतीय संघात पोहोचलाच ना? पोहोचला, आणि त्याचे कष्ट थोर आहेत. पण पालघरला रेल्वे होती.

असे वर्चस्व इतरत्रही झाले आहे. अमेरिकी बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यँकीजने १९४९ ते १९५३ ओळीने पाच अजिंक्यपदे मिळवली. पुढे १९६५ पासून नवोदित खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क तळाच्या संघांना मिळू लागला. रणजीत खेळाडू मुख्यतः प्रदेशाशी बांधलेला, म्हणून तो उपाय इथे लागू नाही. संघांमधल्या समतोलाने खेळाचा दर्जा घसरतो, हा आक्षेप मात्र विदर्भाने खोडला. २०१७-१८ आणि २०१८-१९ चे विजेतेपद त्यांनी मिळवले. त्यात मुंबईचेच वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा हात होता, हे खरे. पण अनुभव बाहेरून आणता आला, तरी नागपूरचे मैदान आणि अकादमी आधी तिथेच उभी करावी लागली. मुरबाडला नेमके तेच हवे आहे. — संपा.