अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी
रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये देशातील 75 जिल्ह्यांतल्या 600 खेड्यांत केलेली कर्जव्यवहारांची पाहणी. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, सदस्यांत धनंजयराव गाडगीळ. 1954 च्या अहवालातला आकडा आजही अस्वस्थ करतो: शेतकऱ्याने काढलेल्या दर 100 रुपये कर्जापैकी सुमारे 70 सावकारांचे, सहकारी संस्थांचे जेमतेम 3. शिरपूर जैनसारख्या वऱ्हाडी गावात मृग लागला की बियाण्याला पैसा आजच हवा असतो; तो हातावर ठेवणारा तेव्हा सावकारच होता. तरीही समितीने सहकार मोडीत काढला नाही, हे तिचे मोठेपण. संस्थांत सरकारने भागभांडवल घालावे, कर्जाला विक्री व गोदामांची जोड द्यावी, असे तिने सुचवले. तिच्याच शिफारशीनुसार 1955 मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पुढे 1969 मध्ये गाडगीळांच्या अभ्यासगटाच्या शिफारशींतून जिल्हानिहाय अग्रणी बँक योजना आली.