मेणवली
सातारा जिल्ह्यातील वाईजवळचे कृष्णाकाठचे गाव. मेढ्याच्या उत्तरेस, डोंगररांगेपलीकडे. नाना फडणवीसांचा (1742–1800) सहा चौकांचा वाडा येथे आहे. पुण्यातला पेशव्यांचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला, कारभाऱ्याचा हा गावाकडचा वाडा मात्र लाकूडकाम व भित्तिचित्रांसह टिकला. येथील मोडी कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना परिचित आहेत. मागे चंद्रकोरी घाट, त्यावर मेणेश्वर व विष्णू यांची देवळे. मेणेश्वराजवळच्या छोट्या घुमटीतली पंचधातूची घंटा नीट पाहावी: तिच्यावर 1707 हा आकडा आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांच्या वसई विजयानंतर (1739) पोर्तुगीज चर्चमधून आलेली ती घंटा महादेवाच्या दारी रुळली.