चौकटीत न मावलेला सिनेमा

टीव्हीने सिनेमा लहान केला, ही तक्रार जुनी आहे. पण चित्र लहान झाल्याने सिनेमाचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते चौकटीचे प्रमाण मोडल्याने. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936चा. त्या काळच्या बोलपटाची चौकट उंचीच्या साधारण 1.37 पट रुंद असे आणि टीव्हीचे संच 4:3, म्हणजे 1.33 पट रुंदीचे निघाले ते सिनेमाच्याच मापाला धरून. त्यामुळे 1972मध्ये सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यावर प्रभातचे बोलपट जवळजवळ पुरते मावत. अडचण आली ती नंतरच्या सिनेमांची. अमेरिकेत घरोघरी टीव्ही पोचला, थिएटरे ओस पडू लागली, तेव्हा घरात मिळणार नाही असे काही दाखवण्यासाठी 1953मध्ये ‘द रोब’पासून सिनेमास्कोप आला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप म्हणजे गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (1959). त्यात रिकाम्या, अंधाऱ्या स्टुडिओत व्ही. के. मूर्तींनी वरून उतरवलेला प्रकाशाचा झोत आहे आणि एकमेकांपासून दूर उभे असलेले गुरुदत्त आणि वहिदा रेहमान आहेत. प्रसंगाचा सारा अर्थ त्या दोघांमधल्या मोकळ्या जागेत आहे. 2.35 पट रुंदीचे हे चित्र 4:3च्या संचात पूर्ण उंचीने भरायचे, तर 43 टक्के रुंदी कापावी लागते. मग एक तर तो दिसतो, नाहीतर ती. अशा काटछाटीला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणत. त्यात फिल्म टीव्हीसाठी उतरवणाऱ्या टेलिसिने यंत्रावर बसलेला माणूस हे ठरवत असे, म्हणजे एका परीने दिग्दर्शन पुन्हा होत असे.

यावर कोणी म्हणेल, दुसरा इलाजच काय होता? आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत 625 रेषांपैकी चित्राला मिळतात 576. वरखाली काळ्या पट्ट्या ठेवल्या तर त्यातल्या सव्वातीनशेच उरतात. वीस इंची संचावर चेहरे ओळखू येणे मुश्कील. आक्षेप खरा आहे, आणि तंत्राच्या काही सक्ती मान्य कराव्याच लागतात. 50 हर्ट्झ विजेशी जुळलेल्या पालमध्ये सेकंदाला 25 चौकटी, सिनेमात 24. म्हणून तीन तासांचा सिनेमा टीव्हीवर सात मिनिटे आधी संपे आणि गाण्याची पट्टी किंचित चढे. तिथे पर्याय महागडे आणि अवघड होते. काटछाट मात्र सक्ती नव्हती, तो निर्णय होता. वुडी ॲलनने ‘मॅनहॅटन’ व्हिडिओवर काळ्या पट्ट्यांसहच यावा असा हट्ट धरला आणि तो तसाच आला, त्याच जुन्या संचांच्या जमान्यात. बारीक दिसणारी पूर्ण रचना निदान दिग्दर्शकाची असते.

आता घरोघरी 16:9चे रुंद संच आहेत आणि तीच चूक उलट बाजूने होते. पडदा भरलाच पाहिजे या अट्टहासापायी जुना बोलपट ताणला, तर चेहरे फुगतात. झूम केला, तर जवळजवळ पाव उंची जाते आणि उभ्या तुकारामाचे डोके तरी कापले जाते, नाहीतर पाय. आता रेषांची टंचाईही नाही, तेव्हा ती सबब चालणार नाही. वाहिन्यांनी जुने चित्रपट त्यांच्या मूळ प्रमाणातच दाखवावेत आणि आपणही रिमोट हाती घेऊन पिक्चर सेटिंगमधले ‘वाइड’ नि ‘झूम’ बंद करावेत, दोन्ही कडांना काळे राहिले तरी राहू द्यावे.