नोंदवहीतला एक रकाना

माणसांच्या नोंदी ठेवण्याचा सोस डच लोकांइतका फार थोड्यांना असेल. १९३६ साली हॉलंडात प्रत्येक रहिवाशाच्या नावाचे एक कार्ड सुरू झाले. बिऱ्हाड हलले की कार्डही पाठोपाठ नव्या गावच्या कचेरीत जाई. नाव, जन्म, पत्ता, लग्न. आणि एका रकान्यात धर्म. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, टापटीप तेवढी होती.

१९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा आल्या आणि तो रकाना त्यांच्या हाती आयताच पडला. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेने शहराचा एक नकाशा तयार केला. त्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू! कारकुनांनी ठिपके मात्र अगदी नेटके काढले होते. हॉलंडातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले.

२७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार विलेम अरोंडेउस आणि त्याचे साथीदार पोलिसांचे गणवेष चढवून शहराच्या नोंदणी कचेरीत शिरले. पहारेकऱ्यांना त्यांनी सुई टोचून गुंगी आणली आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत नेऊन निजवले. उगाच कोणाचा जीव जाऊ नये म्हणून. मग सुरुंग उडाले. आगीचे बंब मुद्दाम रमतगमत आले, आणि आल्यावर बंबवाल्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओतून उरल्यासुरल्या कागदांचा चिखल केला. पण दाबून भरलेला कागद सहजी जळत नाही. सुमारे १५ टक्केच कार्डे नष्ट झाली. १ जुलैला बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांत अरोंडेउसही होता.

ही आठवण पुसली गेली नाही. १९७१ च्या शिरगणतीत कित्येकांनी माहिती देण्याचे साफ नाकारले, आणि तशी घरोघर हिंडून केलेली शिरगणती हॉलंडात पुन्हा झालीच नाही. १९८८ साली व्यक्तिनोंदींचा कायदा झाला. त्याने निरनिराळ्या धंद्यांना आपापली आचारसंहिता लिहून देखरेख मंडळाकडून तपासून घेण्याची वाट दिली. माहिती कशासाठी घेतली, कोणी पाहावी, केव्हा नष्ट करावी, हे आधीच लिहून ठेवायचे. २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमांतही अशा संहितांना जागा आहे. आणि माणसाचा धर्म नोंदण्यास तिथे मुळात मनाईच आहे, अपवाद तेवढे मोजून सांगितलेले.

आपल्याकडच्या शिरगणतीत धर्म विचारला जातो. मात्र १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाही दिलेला नाही.