रणगाड्यावर काय लिहायचं?

माझा भाचा अंबाजोगाईत राहतो. बारावी झाली आहे, पुढचं अजून ठरायचंय. सध्या दिवसाचे बरेच तास तो कॉम्प्युटरवर रणगाडे रंगवत बसलेला असतो. पूर्वी मला वाटायचं हा नुसता खेळतो. मग एकदा ईदला गेलो तेव्हा शेजारी बसून पाहिलं आणि मत बदललं.

खेळाचं नाव वॉर थंडर. त्यातल्या प्रत्येक रणगाड्यावर गुंडाळलेलं एक चित्र असतं, त्याला स्किन म्हणतात. ते उलगडलं की शिंप्यानं कापून ठेवलेल्या कापडासारखं सपाट दिसतं. टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, एका कोपऱ्यात, बाजूचे पत्रे दुसरीकडे, चाकं तिसरीकडे. हे चित्र बाहेर काढायचं, गिम्पसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममधे रंगवायचं आणि ‘युजरस्किन्स’ नावाच्या फोल्डरमधे परत ठेवायचं. सोबत चार ओळींची एक फाइल लागते. कोणत्या जुन्या चित्राच्या जागी कोणतं नवं लावायचं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. झालं की ते सगळं बांधून इतरांना द्यायचं. पैसे नाहीत. गंमत अशी की हा नवा रंग ज्याच्या कॉम्प्युटरवर ती फाइल आहे त्यालाच दिसतो. समोरच्या खेळाडूला तोच जुना रणगाडा दिसत राहतो.

दुल्हेभाई पेंटर आहेत. गळिताचा हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्यांच्या दारात उभ्या राहायच्या. कुणाला ७८६ हवं, कुणाला तुळजाभवानी, कुणाला आईचं नाव. एमएच ४४ची कितीतरी वाहनं त्यांच्या हातची आहेत. मग रेडियम कापणारी मशीन आली आणि ब्रशचं काम पाव राहिलं. मुलाच्या या उद्योगावर ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘चिखल चुकलाय. चिखल वरून खाली येत नसतो, चाकाकडून वर उडतो.’’ उसाच्या फडात ट्रॉल्या पाहिलेला माणूस. पोरानं मुकाट्यानं चिखल पुसला आणि नव्यानं लावला.

त्या दिवशी पडद्यावर शर्मन होता, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा. त्याच्या टरेटवर बोट ठेवून भाच्यानं विचारलं, ‘‘मामू, इसपे मोमिनाबाद लिखूं क्या?’’

मी म्हणालो, थांब. आणि मग त्याला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो.

निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमावर चालणारी फौज. पैसे एकाचे, हुकूम दुसऱ्याचा. या फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. तिच्या घोडदळात दख्खनी मुसलमान मोठ्या संख्येनं होते. आपल्याकडे मुसलमानांचा इतिहास म्हटलं की बादशहा आणि सुभेदार येतात. मोमिनाबादच्या छावणीत घोड्याला खरारा करणारा शिलेदार त्यात येत नाही. तो यावा असं मला वाटतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा त्याच्या जवळचे होते, बादशहाच्या नव्हे.

१९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. तिच्या घोडदळातून निघालेली २०वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधे सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या जंगलाजवळ, भाले घेऊन मशिनगनच्या दिशेनं दौडत गेली. हे वाचताना मला नेहमी अंगावर काटा येतो आणि थोडा रागही येतो. १९२१ साली २०वी आणि २९वी एकत्र करून नववी डेक्कन हॉर्स झाली. पुढे घोडे गेले, शर्मन आले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई झाली. फाळणीत लष्कराच्या तुकड्या दोन देशांत वाटल्या गेल्या. भारताकडे राहिलेली डेक्कन हॉर्स १९६५च्या सप्टेंबरात, त्याच जुन्या शर्मनवर, पंजाबातल्या असल उत्तर गावी उभी होती.

असल उत्तर म्हटलं की आपल्याला अब्दुल हमीद आठवतात. आठवायलाच हवेत. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा हा माणूस, चौथ्या ग्रेनेडियर्सचा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडत गेला आणि १० सप्टेंबरला शहीद झाला. परमवीर चक्र मिळालं. पण त्या रणांगणावर ते एकटे नव्हते. आपल्या सैनिकांनी शेतात पाणी सोडलं होतं आणि नालेच्या आकारात मोर्चा लावला होता. डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन उभ्या उसात लपवले होते. त्या काळचे नवेकोरे पॅटन चिखलात रुतले आणि उसातून तोफा सुटल्या. सुमारे शंभर पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. मोमिनाबादच्या घोडदळाचा वारसा सांगणारी पलटण आणि अब्दुल हमीद एकाच लढाईत होते, हे भाच्याला माहीत नव्हतं. दुल्हेभाईंनी फक्त ऊस ऐकला. ‘‘उसातला चिखल मग,’’ ते म्हणाले, ‘‘तो काळा पडतो. अजून गडद कर.’’

शर्मन झाल्यावर त्यानं पॅटन घेतला. लढाई दाखवायची तर दोन्ही बाजू लागणारच. पण पाकिस्तानी पॅटन पडद्यावर असताना त्याचा एक दोस्त आला आणि हसत म्हणाला, ‘‘अरे, तू यांचा रणगाडा रंगवतोस होय?’’ दोस्त वाईट नाही. चेष्टाच होती. हा पण हसला. दोस्त गेल्यावर त्यानं पॅटनची फाइल बंद केली आणि आठ-दहा दिवस उघडली नाही. जर्मन टायगर रंगवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना कुणी असं विचारत असेल असं मला वाटत नाही. मला राग दोस्ताचा आला नाही. वयाच्या अठराव्या वर्षी एका चित्राची फाइल बंद करताना या पोराला जो हिशेब करावा लागला, त्याचा आला. मी त्याला एवढंच म्हणालो की पॅटन नीट रंगवला नाहीस तर अब्दुल हमीद यांनी काय फोडलं ते कुणाला दिसणार?

आम्ही नगरला गेलो, ती पॅटनचीच तयारी. अंबाजोगाईहून बीडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे. बीड-अहिल्यानगर गाडी २०२५च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी सुरू झाली. नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४चं. रोल्स रॉइसच्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंत रणगाडे उघड्यावर उभे आहेत, आणि पॅटनही आहे. भाचा वहीत खिळ्यांच्या रांगा मोजत होता. दुल्हेभाईंनी एका पत्र्याजवळ नाक नेलं आणि म्हणाले, हा रंग नवा आहे, यावरून छटा घेऊ नको. अक्षरांबद्दलही त्यांचं ऐकण्यासारखं होतं. लष्करी अक्षरं साच्यातून मारलेली असतात, म्हणून शून्याच्या पोटात पट्टी सुटते. पोरानं शून्य अखंड काढलं होतं.

या सगळ्यात घरातल्या एका माणसाचं सांगायचं राहिलं. माझी अम्मी. मुलं ‘रणगाडा’ म्हणाली की ती उठून आत जाते. १९४८च्या सप्टेंबरात ती सहा वर्षांची होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या आणि १८ला हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केलं ते खरं आहे. त्यानंतर सामान्य मुसलमानांवर जे गुदरलं तेही खरं आहे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीनं औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार माणसं मारली गेल्याचं लिहिलं. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. अम्मी त्यातलं काही सांगत नाही. मी विचारत नाही.

पण त्याच हैदराबादच्या फौजेत एक पारशी तरुण अधिकारी होता, अर्देशीर तारापोर. संस्थान विलीन झाल्यावर तो भारतीय सैन्यात, पूना हॉर्समधे आला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी, पलटणीचा प्रमुख म्हणून सियालकोट आघाडीवर लढताना मारला गेला. परमवीर चक्र त्यालाही मिळालं. तेव्हा भारताचे लष्करप्रमुख होते तेच जनरल चौधरी. आणि पूना हॉर्सच्या निशाणावर काय आहे? १८५७ साली इराणात खुशाबच्या लढाईत जिंकलेल्या निशाणाची आठवण म्हणून चांदीचा पंजा आणि सूरह फतहमधले शब्द, अल्लाहचा हात त्यांच्या हातांवर असल्याचे. मोहरमला आपल्या गावात बसतो तसाच पंजा. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘मग मोमिनाबाद लिहायला काय हरकत आहे?’’

हरकत एकच. डेक्कन हॉर्सच्या एखाद्या शर्मनवर १९६५ साली हे नाव होतं असा एकही पुरावा आमच्याकडे नाही. एकही फोटो नाही. शहराचं नाव आता अंबाजोगाई आहे, आणि ते मोमिनाबादपेक्षा जुनंही आहे. इतिहास म्हणून वाटायच्या वस्तूवर आपली इच्छा लिहिली तर उद्या कुणी दुसरा त्याची इच्छा लिहील आणि आपल्याला बोलायला तोंड राहणार नाही. हे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो असेन. तो गप्प बसला.

गेल्या महिन्यात त्यानं दोन्ही स्किन वाटायला ठेवल्या. शर्मनच्या टरेटवर काही लिहिलेलं नाही. पॅटनच्या नंबरातल्या शून्याला पट्टी आहे. सोबत असल उत्तरची तारीख आणि दोन ओळींची माहिती.

परवा गेलो तेव्हा तो खेळत होता. शर्मन धूळ उडवत वळला आणि टरेटवर, दुल्हेभाईंच्या वळणाच्या देवनागरी अक्षरांत, ‘मोमिनाबाद’ दिसलं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘‘ये बांटा नहीं मामू. ये सिर्फ मेरे फोल्डर में है.’’